जुन्या बसचं फिरतं घर : आधी कागद, मग छत, पडदे शेवटी

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या आमच्या घरासमोर शाळेतून निवृत्त झालेली पिवळी मिनीबस आणून उभी केली, तेव्हा गल्लीतले काकाजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “काय भाऊ, शाळा काढून राहिला का?” म्हटलं, घर करतो याचं. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते टायरकडे बघत राहिले. त्यांचं बरोबर होतं. मीही आधी टायरकडेच बघायला हवं होतं. मी बघत होतो पडद्यांचे रंग.

मी मेकॅनिक नाही, कृषी सेवा केंद्र चालवतो. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे त्या बसमागे घालवले, त्यातून हा क्रम हाती आला. मी जो क्रम धरला होता तो जवळजवळ उलटा होता. काम तालुक्याच्या गावात होतं का, असं बरेच जण विचारतात. होतं. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारा फॅब्रिकेटर, कूलरचा पत्रा वाकवणारा मिस्त्री, सुतार, डिझेल मेकॅनिक आणि गाड्यांचं वायरिंग करणारा, ही पाच माणसं गावात असली की झालं. प्लायवूडसाठी नागपूरच्या लकडगंजात एक चक्कर पुरते.

बस घेण्याआधी आरटीओ

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकात नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. सीटं काढणं, रंग बदलणं, बॉडीत फेरफार हे सगळं त्यात येतं. कलम १८२अ नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. “कोण बघते बावा?” असं सांगणारे पुष्कळ भेटतील. अपघात झाला की विमा कंपनी बघते.

म्हणून साधा नकाशा काढा: किती सीटं राहणार, पलंग कुठे, ओटा कुठे, कोणती खिडकी बंद होणार. तो घेऊन आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत जा आणि अर्ज करून लेखी परवानगी घ्या. शाळेच्या बसची नोंद परिवहन वर्गात असते. परमिट असेल तर ते परत करावं लागतं आणि गाडीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो. ‘खासगी वापराची कॅम्पर व्हॅन’ असा वेगळा वर्ग नोंदणीत आहे, आपल्याला तो हवा. कराचा हिशेबही त्याप्रमाणे बदलतो. कारखान्यात बनणाऱ्या मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आपण काही कारखाना नाही, पण ते वाचून ठेवलं की साहेब कोणते प्रश्न विचारतील याचा अंदाज येतो.

आता मन मोडणारी गोष्ट. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला घर करायचं असतं ते लाल परीचंच. एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप हिंगण्याला, नागपूरच्या उंबरठ्यावर, त्यामुळे ओळखीने बस मिळेल असंही वाटतं. पण १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि राज्य परिवहनाच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, त्या भंगारातच जातात. अशी बस घेऊन शेतात उभी करायची आणि त्यात राहायचं, एवढंच होईल. रस्त्यावर काढायचा विचार नको.

खासगी गाडीची नोंदणी आधी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर लागतो आणि एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फीसुद्धा बरीच वाढली आहे. त्यामुळे आठ-दहा वर्षं वयाची बस थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

लायसन्सचंही आधीच ठरवा. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. टाटा ४०७ च्या चेसिसवरची मिनीबस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर त्यात बसते. मोठ्या बसमध्ये दिवाणखाना होतो खरा, पण ती चालवायला दरवेळी माणूस शोधावा लागतो आणि गावातल्या गल्लीत वळत नाही.

बस बघायला जाताना

सोबत मेकॅनिक, टॉर्च, हातोडी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. कपडे मळके घाला, कारण निम्मं बघणं बसच्या खाली आहे.

गंज बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दाराच्या पायऱ्यांखाली, चाकांच्या कमानीत, बॅटरीच्या खोक्याखाली, मागच्या बंपरच्या आतल्या आडव्या पट्टीत आणि छताच्या पन्हाळीत. हातोडीने हळू ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आपली हवा कोरडी, त्यामुळे विदर्भात चाललेली बस कोकणात चाललेल्या बसपेक्षा बहुधा बरी निघते. आरसीवर आधीची नोंद कुठली आहे ते बघा. किनाऱ्यावरची बस स्वस्तात मिळते, ती कशामुळे हे खाली वाकल्यावर कळतं.

इंजीन थंड असतानाच सुरू करायला लावा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा घ्या आणि थांबा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडल्यावर धुराचे लोट आले तर पिस्टन-रिंगांचं काम निघणार. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला तर नमस्कार करून परत या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं टायर मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर फुटतं. आमचं फुटलं.

निघण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, थकलेला कर, फिटनेसची तारीख आणि चलानं बघा. नावावर करून घ्यायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, बोजा असेल तर ३५ पण.

जिनिंगचा काटा

सीटं काढली की एक काम लगेच करा: बस वजनकाट्यावर न्या. आपल्याकडे हे सोपं आहे, प्रत्येक जिनिंगला आणि दालमिलला काटा असतो. कापसाच्या हंगामात मात्र गाड्यांची रांग असते, तेव्हा मार्च-एप्रिलनंतर जा. पूर्ण बस एकदा, फक्त पुढची चाकं एकदा आणि फक्त मागची एकदा, अशा तीन पावत्या घ्या. आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. तिच्यातून रिकामं वजन वजा केलं की जे उरतं त्यात घर, पाणी, सामान आणि माणसं सगळं बसवायचं आहे.

हे न करता मी सागवान आणलं. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान म्हणजे आपला अभिमान, बल्लारशाच्या आगारातलं लाकूड नव्या संसद भवनाला गेलं. पण संसद भवन चिखलदऱ्याचा घाट चढत नाही. दोन पलंग आणि एक कपाट झाल्यावर मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वजनाने बसले, तेव्हा सगळं उतरवून घरात लावलं. प्लायचा हिशेब लक्षात ठेवा: आठ बाय चारचा १२ मिलीमीटरचा ताव साधारण २२ किलो, १९ मिलीमीटरचा ३५ किलोच्या आसपास. सांगाडा ॲल्युमिनियमच्या किंवा पातळ लोखंडी चौकोनी पाइपचा आणि वरून ६ मिलीमीटरचा प्लाय पुरतो. बांबूच्या चटईचे बोर्डही चांगले. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बांबूचं काय काय होतं ते एकदा बघून या.

छत

इथे घाई करू नका. पुण्या-मुंबईचे लोक जे व्हिडिओ दाखवतात त्यात छताला पाच मिनिटं असतात आणि स्वयंपाकघराला वीस. त्यांच्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ होरपळीचे दिवस, नसतो. आपल्याकडे पारा ४५-४६ ला जातो आणि पत्र्याला हात लावला तर तीन मोजेपर्यंत टिकत नाही. त्या पत्र्याखाली झोपायचं आहे, हे लक्षात ठेवून काम करा.

पहिल्यांदा आतलं जुनं अस्तर पूर्ण काढा. थोडं थोडं काढून बघू, हा विचार सोडा. गंज ग्राइंडरच्या वायर ब्रशने घासा, सडलेला पत्रा कापून नवीन वेल्ड करा, प्राइमर मारा. वरच्या बाजूने पत्र्याचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक रिवेट पीयू सीलंटने बंद करा. रिवेटच्या डोक्याभोवती रंग फुगलेला दिसला तर रिवेटच बदला.

मग पाण्याची चाचणी. छतावर पाइप लावून तासभर पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन बसा. नंतर फवारणीच्या पंपाने खिडक्यांच्या चौकटींवर तिरका मारा, कारण पावसाळ्यात चालत्या बसवर पाणी सरळ पडत नाही. गळती जिथे दिसते तिथे बहुधा नसते. पाणी छताच्या कमानीवरून दोन-चार फूट चालत येतं आणि मग टपकतं. मी ही चाचणी न करता आधी छताला अस्तर ठोकलं होतं. मृगाचा पहिला सडाका आला, पाणी आतल्या आत फिरून गादीवर उतरलं आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं. बायकोने त्या दिवशी एक शब्द काढला नाही, फक्त गादी अंगणात उभी केली.

पाणी थांबल्यावर ऊन. बाहेरून छताला उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या, फरक लगेच कळतो. आतून कमानींच्या मधल्या जागेत २५ मिलीमीटरचं नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई फोम चिकटवा. एसीच्या पाइपांवर काळं गुंडाळतात ते नायट्राइल. आता ज्या ठिकाणी सगळे चुकतात ती जागा: कमानी लोखंडाच्या असतात आणि अस्तर थेट त्यांना स्क्रूने मारलं की छताची आग स्क्रूमधून सरळ आत येते. कमानीवर आधी फोमची पट्टी लावा, मग अस्तर. थर्मोकोल स्वस्त आहे म्हणून भरू नका, तो पेट घेतो आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी भुगा होतो. पीव्हीसी पॅनेल मे महिन्यात पोट काढतात.

काचांचं गणित छताएवढंच मोठं आहे. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. ऊन बाहेरच अडवलं पाहिजे. त्यासाठी रोपवाटिकेत वापरतात ती ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट घ्या, कडेला गोट शिवून पितळी रिंगा ठोका आणि छताच्या पन्हाळीला हुक लावून बाहेरून टांगा. बसचं दार ज्या बाजूला आहे तिथे हीच नेट दोन बांबूंवर ताणली की मांडव झाला. बाजारात तयार ऑनिंग मिळतात, पण त्या पैशात सबंध बसला दोनदा शेडनेट लागते.

आतली मांडणी

कागदावर सगळंच बसतं. अंगणात रांगोळीने बसचा खरा आकार काढा आणि त्यात घरच्यांना दिवसभर वावरू द्या. ओट्याशी एक जण उभा असताना दुसऱ्याला मागे जाता येतं का? आमच्या पहिल्या मांडणीत येत नव्हतं. उंचीतून वरचं अस्तर दोन इंच आणि खालची जमीन एक इंच खाते, तेही धरा.

पलंग खाली ठेवा. वरचा बंक पोरांना आवडतो, पण गरम हवा वरच जमते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहतील असं बघा. प्रवासात जितकी माणसं असतील तितकी पट्टेवाली मूळ सीटं ठेवा, आणि ती मूळ जागेवर मूळ बोल्टनेच राहू द्या. आपत्कालीन खिडकीपुढे कपाट नको. ओट्याच्या समोरच्या बाजूला पाण्याची टाकी ठेवली म्हणजे वजन एका अंगाला जात नाही.

वीज

आधी बेरीज, मग खरेदी. आमची बेरीज अशी: थेट बॅटरीवर चालणारे २५ वॉटचे दोन डीसी पंखे दहा तास म्हणजे ५०० वॉट-तास, दिवे सव्वाशे, छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज सुमारे ६००, डीसी कूलर रात्रभर ४५०, मोबाइल-लॅपटॉप दीडशे, पाण्याचा पंप ३०. एकूण जवळपास १,८५० म्हणजे दिवसाला दोन युनिटांच्या आत.

यासाठी ५४० वॉटचं एक सोलर पॅनेल आणि १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. तिच्यात अडीच युनिटं मावतात, त्यातली दोन बिनधास्त वापरा. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त आणि तालुक्यात सगळीकडे मिळते, पण तिची अर्धीच ताकद वापरायची, वजन दुप्पट-तिप्पट, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो म्हणून खोकं बाहेर वारा लागेल असं हवं. वजनाच्या पावत्या आठवा आणि ठरवा.

विदर्भात ऊन जास्त म्हणून वीजही जास्त, हा समज अर्धाच खरा आहे. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी देतं. मेच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग ६५ अंशांवर जातो, म्हणजे सातवा हिस्सा तिथेच गेला. छत आणि पॅनेल यांच्यात चार-पाच इंच फट ठेवा. खालून वारा वाहतो, आणि पॅनेलची सावली छतावर पडते तो फायदा वेगळा. पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या. ढगाळ श्रावणासाठी बसच्या आल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, डीसी-डीसी चार्जर लावा, नुसती वायर जोडू नका. मोठ्या बसचं वायरिंग २४ व्होल्टचं असतं आणि ४०७ चं १२ चं, ते बघून चार्जर मागवा. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक वायरीवर बॅटरीच्या शेजारीच फ्यूज हवा. १२ व्होल्टवर हजार वॉट ओढायचे तर वायरीतून शंभरच्या आसपास अँपिअर जातात. घरगुती फिटिंगची वायर तिथे मेणासारखी वितळते.

एसीचं विचारू नका असं म्हणणार होतो, पण विचारतातच. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालला तर पाच-सहा युनिटं खातो. म्हणजे बॅटऱ्या तिप्पट आणि छतावर जागा उरत नाही. कूलर लावा. वाळ्याची ताटी टाकली तर झोपही सुगंधी. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर बसचं बाथरूम होतं. रात्रीतून २५-३० लिटर पाणी जातं. जुलैत दमट हवा सुरू झाली की कूलर उतरवून घरी ठेवा, तेव्हा पंखाच खरा. आणि बसच्या टपावर निवारपट्टीच्या दोन घडीच्या बाजा बांधून ठेवा. मेच्या रात्री मच्छरदाणी लावून बाजेवर बाहेर झोपणं हे आपल्या आजोबांचं एसी होतं, अजूनही चालतं.

पाणी आणि गॅस

१५० लिटरची टाकी म्हणजे १५० किलो, त्याहून मोठी नको. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी भरलं तर पंपाची जाळी, शॉवर, कूलरची ताटी सगळ्यावर पांढरा थर चढतो. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. सांडपाण्याला खाली दुसरी टाकी लावा, जंगलाच्या रस्त्यावर तोटी उघडू नका. संडासाला उचलून नेता येणारा कॅसेटवाला घ्या आणि तो घरच्या संडासातच रिकामा करा.

गॅस पाच किलोचा, उभा, पट्ट्याने बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद. दोन-दोन किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक ठेवा: एक दाराशी, एक पलंगापाशी.

रस्त्यावर

काम संपल्यावर भरल्या पाण्याने पुन्हा काट्यावर जा. मग फीत घेऊन जमिनीपासून पॅनेलच्या टोकापर्यंत उंची मोजा आणि स्टिअरिंगसमोर मोठ्या अक्षरांत लिहा. गावांतून लोंबणाऱ्या विजेच्या तारा ती उंची विचारत नाहीत. विमा कंपनीला बदललेल्या आरसीची प्रत द्या.

पहिली सहल घरापासून तासाभराच्या आत, ओळखीच्या माणसाच्या वावरात. आम्ही बोर धरणाकडे गेलो आणि रात्री तीनदा उठून खडखडणारी भांडी बांधली. दुसरी घाटाची: चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, परतवाड्याहून चढताना इंजिनाचं पाणी आणि उतरताना ब्रेक या दोन्हींची परीक्षा होते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये या. मेळघाट, ताडोब्याकडच्या रस्त्यांवर रात्री कुठे थांबता येतं हे नाक्यावर विचारूनच ठरवा. वनखात्याच्या हद्दीत मनाने मुक्काम नको.

पावसाळ्यात डांबर सोडू नका. काळ्या मातीत चार टनांची गाडी दहा मिनिटांत बसते. आमची पोळ्याच्या दिवशी बसली. गावातले सगळे बैल सजून तोरणाखाली उभे, ट्रॅक्टरवाले पुरणपोळीवर. संध्याकाळपर्यंत आम्ही चिखलात, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून सांगत होता, “इकडून कायले घातली बाप्पा!”

बस उभी ठेवायची असेल तेव्हा बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, टाकी रिकामी करा, महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. धान्याचा एक दाणा आत राहू देऊ नका. दिवाळीनंतर घरात सोयाबीनची पोती आली की उंदीर बसमध्ये शिरतात आणि त्यांना फोमपेक्षा वायरीचं आवरण जास्त आवडतं. वायर खाली चेसिसमधून जिथे आत येते ती सगळी भोकं लोखंडी जाळीने बुजवा. आमच्या इथे तेवढ्यावर भागलं नाही, शेवटी मांजर ठेवलं. ते आता ड्रायव्हरच्या सीटवर झोपतं आणि बस काढायची असली की त्याला आधी उठवावं लागतं.